स्टिरॉइडची गोळी, आईचा मणका आणि हाडाच्या पेशीतलं दप्तर

उंबरठा (धागाकर्ती)

गेल्या श्रावणात आई न्हाणीत बादली उचलायला वाकली आणि तिथेच बसली. "पाठीत काहीतरी कट्कन वाजलं गं," एवढंच म्हणाली. दोन दिवस आम्ही शेकत राहिलो, बाम चोळत राहिलो. तिसऱ्या दिवशी एक्स-रे काढला तर एक मणका समोरून दबून पाचरीसारखा झालेला. बादली अर्धीच भरलेली होती.

आईला आमवात आहे. तीन वर्षं ती रोज १० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टिरॉइडची गोळी, घेत होती. त्या गोळीने तिची बोटं मोकळी झाली, ती पुन्हा भाकरी थापायला लागली, हे मी कधी विसरणार नाही. पण या तीन वर्षांत तिच्या हाडांची घनता एकदाही तपासली गेली नाही. कॅल्शियम नाही, ड जीवनसत्त्व नाही. दर तीन महिन्यांनी तीच चिठ्ठी पुढे चालू. मला जास्त लागलं ते वेगळंच. मी पुण्यात एका प्रयोगशाळेत हाडाच्या पेशी वाढवते आणि त्यांच्यावर याच जातीचं औषध टाकून काय होतं ते मोजते. रोज जे डोळ्यांनी बघत होते ते मी आईच्या गोळ्यांच्या पाकिटाशी जोडलंच नाही. म्हणून हा धागा. जमेल तितकं सोपं करून लिहिते.

ताण आला की मूत्रपिंडावरच्या अॅड्रीनल ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचं हार्मोन सोडतात. प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन ही त्याचीच माणसाने घडवलेली भावंडं. शरीर दिवसाला साधारण १० मिलिग्रॅम कॉर्टिसॉल बनवतं. आणि ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन म्हणजे २० मिलिग्रॅम कॉर्टिसॉलचं काम. म्हणजे आई स्वतःच्या शरीराच्या चौपट हार्मोन रोज वरून घेत होती.

आता पेशीच्या आत. डीएनए म्हणजे तहसील कचेरीतलं दप्तर समजा. दप्तर कचेरीबाहेर जात नाही, बाहेर जाते ती नक्कल. एखादं जनुक 'चालू' आहे म्हणजे त्याच्या नकला भराभर निघताहेत, त्या नकलांवरून प्रथिनं बनताहेत. कॉर्टिसॉल चरबीत विरघळणारं, त्यामुळे पेशीच्या भिंतीतून सरळ आत शिरतं. आत त्याचा रिसेप्टर, म्हणजे त्याला पकडणारं प्रथिन, एचएसपी-९० नावाच्या प्रथिनाने धरून ठेवलेला असतो. कॉर्टिसॉल येऊन बसलं की तो सुटतो, केंद्रकात जातो आणि डीएनएवर १५ अक्षरांची एक ठरावीक खूण शोधून तिथे बसतो. काही जनुकांच्या नकला त्यामुळे वाढतात. काहींच्या घटतात.

हाड घडवणाऱ्या पेशीत, म्हणजे ऑस्टिओब्लास्टमध्ये, नेमकं कशाचं काय होतं? ऑस्टिओकॅल्सिनचं उदाहरण मला सगळ्यात बोलकं वाटतं. हे प्रथिन ऑस्टिओब्लास्टच बनवते. माणसाच्या ऑस्टिओकॅल्सिन जनुकाच्या सुरुवातीला, नक्कल काढणारं यंत्र जिथे येऊन बसायचं, जवळजवळ त्याच जागेवर कॉर्टिसॉलचा रिसेप्टर बसतो. खुर्ची अडली, नक्कल थांबली. माणसाला प्रेडनिसोलोन सुरू केलं की रक्तातलं ऑस्टिओकॅल्सिन एका दिवसात उतरलेलं दिसतं. हाड ठिसूळ व्हायला महिने लागतात, पण जनुकाने पहिल्याच दिवशी सांगितलेलं असतं.

बाकीचं थोडक्यात. हाडाचा सांगाडा ज्या कोलॅजनचा, त्याच्या नकला कमी होतात. डीकेके-१ आणि स्क्लेरोस्टिन वाढतात. ही दोन्ही प्रथिनं विन्ट नावाच्या संदेशाला अडवतात आणि त्या संदेशावाचून नवीन ऑस्टिओब्लास्ट तयार होत नाहीत. मज्जेतली मूळ पेशी हाडाचा गवंडी, म्हणजे ऑस्टिओब्लास्ट, व्हायची ती चरबीच्या पेशीकडे वळते. हाड खाणाऱ्या पेशींना बोलावणारं रँकल वाढतं, त्याला आवरणारं ओपीजी घटतं. आणि आहेत त्या पेशी लवकर मरतात. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात उंदरांना २७ दिवस प्रेडनिसोलोन दिलं, तर मणक्यांमधल्या ऑस्टिओब्लास्टचं मरण तिपटीने वाढलं होतं. त्याच प्रयोगात हाडात गाडून राहिलेल्या ऑस्टिओसाइट पेशीही मेलेल्या सापडल्या. हाडाला कुठे तडा गेला हे कळवणाऱ्या त्याच.

डोळ्यांनी दिसतं ते सांगते. उंदराच्या कवटीतून काढलेल्या एमसी३टी३ पेशी आम्ही २१ दिवस ताटलीत वाढवतो. शेवटी अॅलिझरीन रेड टाकायचं. जिथे कॅल्शियम साठलंय तिथे तो रंग धरतो. नुसत्या पेशींच्या खान्यात कुंकू सांडल्यासारखे लाल ठिपके दिसतात. शेजारच्या खान्यात डेक्सा, म्हणजे डेक्सामेथासोन, जास्त मात्रेत घातलेलं असेल तर पाणी फिकट गुलाबी, ठिपके नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी जिवंत असतात, चिकटून असतात, पण काम करत नसतात. आईचा एक्स-रे पाहिला तेव्हा मला तो फिकट खाना आठवला.

प्रश्न विचारा. माहीत आहे तेवढं नक्की सांगेन.

...

पारिजातक_अंगणातला

वाचून पोटात खड्डा पडला. आता आईंची तब्येत कशी आहे?

एक प्रश्न. मी गोळ्या घेत नाही, पण गेली दोन वर्षं नोकरी, सासूबाईंचं आजारपण, मुलाची दहावी, सगळं एकदम चाललंय. झोप चार-पाच तास. या ताणानेही माझ्या हाडांचं असंच होत असेल का?

...

उंबरठा

पारिजातक, आई आता घरातल्या घरात फिरते, पट्टा लावून बसते. विचारलंस, बरं वाटलं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' असं एका शब्दात दिलं तर ते खोटं ठरेल. शरीराने स्वतःच कॉर्टिसॉल अतोनात बनवलं तर हाडं ठिसूळ होतात, हे पक्कं आहे. हार्वी कुशिंग यांनी १९३२ मध्ये ज्या आजाराचं वर्णन केलं, त्याच्या रुग्णांची हाडं ठिसूळ होऊन पाठीला बाक आलेला असायचा. तीव्र नैराश्य असलेल्या, पाळी चालू असलेल्या बायकांमध्ये मांडीच्या हाडाच्या मानेची घनता कमी सापडली, असा अमेरिकेतला अभ्यास २००७ मध्ये आला. पण नैराश्यात जेवण, ऊन, चालणं हे सगळंच घटतं, सगळा दोष एकट्या कॉर्टिसॉलच्या माथी मारता येत नाही. घरातली ओढाताण आणि १० मिलिग्रॅमची गोळी यांना एका पारड्यात मी घालणार नाही.

मला महत्त्वाची वाटते ती लय. कॉर्टिसॉल एकसारखं वाहत नाही. पहाटे चढतं, उठल्यावर शिखरावर असतं, मध्यरात्रीकडे अगदी उतरतं. आणि या चढउताराच्या पोटात आणखी एक ठोका असतो, साधारण तासा-दीड तासाने एकेक लाट. २००९ मध्ये अमेरिकेची राष्ट्रीय कर्करोग संस्था आणि ब्रिस्टल इथल्या संशोधकांनी पेशींना असंच लाटालाटांनी हार्मोन दिलं. लाट आली की रिसेप्टर डीएनएवर बसे, नक्कल निघे. लाट ओसरली की उठे, नक्कल थांबे. डेक्सा दिलं की तो नुसता बसूनच राही. त्या पेशी हाडाच्या नव्हत्या, हेही सांगायला हवं. पण ऑस्टिओकॅल्सिनसुद्धा रक्तात रात्री चढतं आणि सकाळी उतरतं, कॉर्टिसॉलच्या बरोबर उलट. हाडाचं बांधकाम रात्रीच्या त्या शांत पाळीत जोर धरतं असं मला त्यावरून वाटतं. त्यामुळे तुझ्या यादीत मला सगळ्यात जास्त खुपली ती चार तासांची झोप.

...

नदीकाठचा_पिंपळ

लेख फार आवडला. नक्कल आणि दप्तर हे मनात बसलं.

वडिलांना दमा आहे, रोज पंप घेतात. त्यातही स्टिरॉइड असतं म्हणे. हा धागा त्यांना वाचून दाखवला तर त्यांनी पंप कपाटात ठेवून दिला. आता काय सांगू त्यांना?

...

डॉ_रानवारा

पिंपळ, आधी वडिलांना पंप परत सुरू करायला सांगा, आज रात्रीच. पंपातलं औषध मायक्रोग्रॅममध्ये असतं आणि सरळ श्वासनळीत जातं. गोळी मिलिग्रॅममध्ये असते, ती रक्तातून सगळीकडे पोचते. मायक्रोग्रॅम आणि मिलिग्रॅम यांत हजारपटीचं अंतर. पंप जास्त मात्रेचा असेल आणि वर्षानुवर्षं चालू असेल तर त्याबद्दल छातीच्या डॉक्टरांशी जरूर बोला. पण दम्याचा झटका आला तर मग गोळ्या आणि इंजेक्शनच द्यावं लागतं, म्हणजे ज्याला भ्यायलात तेच पदरात.

जे गोळ्या घेतात त्यांच्यासाठी तर आणखी ठासून सांगतो. काही आठवड्यांहून जास्त काळ स्टिरॉइड घेतलं असेल तर ते स्वतःच्या मनाने एकदम बंद करायचं नाही. बाहेरून हार्मोन मिळतंय म्हणून अॅड्रीनल ग्रंथी झोपी गेलेली असते. ती जागी व्हायला वेळ लागतो. एकदम बंद केलं तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. माझ्याकडे असे रुग्ण उलट्या आणि चक्कर घेऊन येतात आणि नातेवाईक सांगतात, "डॉक्टर, त्यांनी स्टिरॉइड सोडलं, चांगलंच केलं ना?"

उंबरठाताई, तुमच्या आईंच्या बाबतीत जे राहून गेलं ते वाचून वाईट वाटलं. तीन महिन्यांहून जास्त काळ रोज २.५ मिलिग्रॅम किंवा त्यावर प्रेडनिसोलोन चालणार असेल तर पहिल्याच भेटीत हाडांचं बोलणं व्हायला पाहिजे. ब्रिटनमधल्या अडीच लाखांच्या आसपास स्टिरॉइड घेणाऱ्या रुग्णांच्या नोंदी तपासून २००० साली जो अभ्यास आला, त्यात रोज ७.५ मिलिग्रॅम आणि त्यावर घेणाऱ्यांमध्ये मणका मोडण्याचं प्रमाण सुमारे पाचपट होतं, खुब्याचं सव्वादोन पट. त्यातली दोन वाक्यं मी विद्यार्थ्यांना पाठ करायला लावतो. धोका पहिल्या तीन महिन्यांतच वाढतो. गोळी थांबवली की तो झपाट्याने उतरतो.

...

साधक_बाधक

डॉक्टर, पुड्यांबद्दलही लिहा. आमच्या तालुक्याच्या बाजारात गुडघेदुखीची पुडी मिळते. 'शंभर टक्के झाडपाला' म्हणून देतात. माझ्या मावशीने दीड वर्ष घेतली. चेहरा गोल झाला, अंगावर निळे डाग पडायला लागले, साखर वाढली. दुसऱ्या डॉक्टरांनी बघताक्षणी विचारलं, "कुठली पुडी घेता?"

मला तर वाटतं स्टिरॉइड हे मुळातच विष आहे. ते बाजारात यायलाच नको होतं.

...

डॉ_रानवारा

मावशींचं वर्णन अगदी नेमकं आहे. गोल चेहरा, निळे डाग, वाढलेली साखर, पुडी घेतल्यावर दोन दिवसांत जादूसारखा आराम. अशा पुडीत स्टिरॉइड मिसळल्याचाच संशय येतो. ती सापडली तर फेकू नका, डॉक्टरांना दाखवा. मावशींनाही ती एकदम बंद करू देऊ नका, कारण वर लिहिलं तेच.

विष म्हणण्याशी मात्र मी सहमत नाही. २१ सप्टेंबर १९४८ रोजी मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांच्या गटाने आमवाताने जखडलेल्या एका २९ वर्षांच्या बाईला पहिल्यांदा कॉर्टिसोन टोचलं. काही दिवसांत ती चालायला लागली. १९५० मध्ये हेंच, केंडाल आणि राइखश्टाइन यांना नोबेल मिळालं. त्याआधी अशा रुग्णाला देण्यासारखं डॉक्टरांकडे फारसं काही नव्हतं. करोनात ऑक्सिजनवर असलेल्यांचे जीव डेक्साने वाचवले. तिथे चाचणीतली मात्रा होती रोज ६ मिलिग्रॅम, फार तर १० दिवस. आपल्याकडे किती जणांनी चिठ्ठीशिवाय, घरच्या घरी, ऑक्सिजन चांगला असतानाही ते किती दिवस घेतलं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय.

...

मोडी_वाचक

उंबरठा, मी भाषेचा माणूस, म्हणून प्रश्न बाळबोध असेल. जनुक 'बंद' होतं म्हणजे दिव्यासारखं विझतं का? आणि हा बदल मुलांमध्ये उतरतो का? आईंच्या हाडांचं जे झालं ते तुमच्यात येईल का?

दुसरं, वर तुम्ही लिहिलंत की कॉर्टिसॉल हाडाला वाईट. पण निसर्गाने मग त्या पेशीत त्याचा रिसेप्टर ठेवलाच का?

...

उंबरठा

मोडी, प्रश्न मुळीच बाळबोध नाही. दुसरा प्रश्न तर मी स्वतः कामाला लागल्यावर पहिल्या महिन्यात विचारला होता.

विझत नाही, मंदावतं. आम्ही नकला मोजतो त्या क्यूपीसीआरने. यंत्र प्रत्येक फेरीत माल दुप्पट करतं. म्हणून एखाद्या जनुकाला दिसायला एक फेरी जास्त लागली तर त्याच्या नकला निम्म्या होत्या, दोन फेऱ्या जास्त तर पाव. डेक्साच्या खान्यात ऑस्टिओकॅल्सिन दोन-तीन फेऱ्या उशिरा उगवतं. औषध काढून घेतलं की पुन्हा लवकर उगवायला लागतं. दप्तरातलं एक अक्षरही बदललेलं नसतं. त्यामुळे आईच्या गोळीचा परिणाम माझ्या हाडात उतरत नाही. हाडांची मुळातली ठेवण आईवडिलांकडून येते, ती गोष्ट वेगळी.

आता रिसेप्टर का ठेवला ते. माणसाच्या मज्जेतल्या मूळ पेशींपासून ताटलीत हाड बनवायचं असेल तर आम्ही तीन गोष्टी घालतो: क जीवनसत्त्व, बीटा-ग्लिसरोफॉस्फेट आणि अगदी थोडं डेक्सा. ते थोडं डेक्सा नसेल तर त्या पेशी हाड बनवायला राजीच होत नाहीत. म्हणजे ज्या रेणूने उंदराच्या पेशींचा खाना फिकट पाडला, तोच कमी मात्रेत माणसाच्या कोवळ्या पेशीला गवंडीकाम शिकवतो. कमी मात्रा, कोवळी पेशी, थोडा काळ: घडवतो. जास्त मात्रा, तयार पेशी, सतत: थांबवतो. मी वर फक्त दुसरी बाजू लिहिली, तुम्ही विचारलंत म्हणून ही निघाली.

एक काळजीची गोष्ट अशी की पेशी स्वतःच्या आतही कॉर्टिसॉल बनवू शकते. रक्तात कॉर्टिसोन नावाचं निष्क्रिय रूप फिरत असतं. ऑस्टिओब्लास्टमध्ये ११-बीटा-एचएसडी-१ नावाचं एन्झाइम आहे, ते त्याचं कॉर्टिसॉल करून टाकतं. वय वाढतं तसं ते हाडाच्या पेशीत जास्त काम करताना दिसतं. रक्ताच्या तपासणीत कॉर्टिसॉल अगदी जागच्या जागी, पण सत्तरीतल्या हाडाच्या पेशीत आतल्या आत मात्रा चढलेली, असं होऊ शकतं. तीच गोळी तिशीतल्या आणि सत्तरीतल्या बाईला सारखी का लागत नाही याचं एक कारण हे असावं.

...

पेशीपुराण

फार दिवसांनी असा धागा वर आला. मी बायोकेमिस्ट्री शिकवते, एक भर घालते.

दाह कमी करायचा पण हाडाला धक्का लावायचा नाही, असं स्टिरॉइड बनवता येईल का, यावर बराच काळ आशा होती. कल्पना अशी की रिसेप्टर दोन पद्धतींनी काम करतो. जोडीने डीएनएवर बसतो तेव्हा दुष्परिणाम, आणि एकटा जाऊन दुसऱ्या प्रथिनाला अडवतो तेव्हा दाह कमी. मग जोडी जमू न देणारं औषध शोधा, झालं. २०१० मध्ये जर्मनीतल्या यान टुकरमान यांच्या गटाने ज्यांचा रिसेप्टर जोडी करू शकत नाही असे उंदीर घेतले आणि त्यांना प्रेडनिसोलोन दिलं. तरीही हाडाची घडण मंदावलीच! एकटा रिसेप्टर एपी-१ या प्रथिनाला अडवत होता आणि त्यामुळे इंटरल्यूकिन-११ घटत होतं, जे ऑस्टिओब्लास्टला हवं असतं. मात्र ऑस्टिओब्लास्टमधून रिसेप्टर पूर्ण काढलेल्या उंदरांमध्ये हाडाची घडण शाबूत राहिली. म्हणजे मार पडतो तो थेट त्याच पेशीत, हे ठरलं. पण हवं तेवढं घे आणि नको ते सोड, ही वाट हाडापुरती तरी अवघड निघाली.

अवांतर: भीती वाटली की हाडं ऑस्टिओकॅल्सिन सोडतात आणि त्यानेच छाती धडधडते, असं २०१९ मध्ये पेपरात आलं होतं. त्याबद्दल उंबरठाचं काय मत?

...

उंबरठा

पेशीपुराण, तुमच्या उत्तरामुळे माझं अर्धं काम झालं.

तो शोधनिबंध कोलंबिया विद्यापीठातल्या जेरार्ड कार्सेंटी यांच्या गटाचा. विचार सुंदर आहे, हाड फक्त ताणाचा मार खात नाही, ताणाला उत्तरही देतं. पण २०२० मध्ये दोन वेगळ्या गटांनी ऑस्टिओकॅल्सिन नसलेले उंदीर नव्याने तयार केले आणि त्यांच्यात साखर, प्रजनन यांबाबत आधी सांगितलेले परिणाम दिसले नाहीत. ऑस्टिओकॅल्सिन हार्मोन आहे की नाही यावरच अजून वाद आहे, त्यामुळे मी ते घरी कोणाला सांगत नाही.

...

पारिजातक_अंगणातला

झोपेचं मनावर घेतलंय. एक आगाऊ प्रश्न, प्रयोगशाळेत हे सगळं बघताना ताटलीत आधीच कॉर्टिसॉल नसतं का? पेशींना वासराचा सीरम घालतात ना?

...

उंबरठा

अगं, यातच माझे पहिले चार महिने गेले! वासराच्या सीरममध्ये त्याचं स्वतःचं कॉर्टिसॉल असतंच. तेव्हा मी साधा सीरम वापरत होते, आणि माझ्या 'औषध न घातलेल्या' खान्यातही जनुकं थोडी दबलेली दिसत. मग कोळशाच्या भुकटीतून काढलेला सीरम वापरायला लागले. कोळसा हार्मोन शोषून घेतो. त्या आठवड्यात पहिल्यांदा दोन खान्यांतला फरक स्वच्छ दिसला. शिवाय डेक्सा अल्कोहोलमध्ये विरघळवतो, म्हणून ज्या खान्यात औषध नाही त्यातही तेवढंच नुसतं अल्कोहोल घालायचं. नाहीतर आपण अल्कोहोलचा परिणाम मोजत बसतो.

...

डॉ_रानवारा

ताई, आईंचं पुढचं औषध काय ठरलं? विचारतो कारण मणका मोडलेला आहे आणि मार ऑस्टिओब्लास्टवर पडलाय. नेहमीच्या बिस्फॉस्फोनेट गोळ्या हाड खाणाऱ्या पेशींना रोखतात, त्याही उपयोगी आहेत. पण टेरीपॅराटाइड थेट हाड घडवणाऱ्या पेशींना कामाला लावतं. स्टिरॉइड घेणाऱ्या ४२८ रुग्णांवर दोन्हींची तुलना झाली होती, २००७ मध्ये ती आली. १८ महिन्यांत नव्याने मणका मोडण्याचं प्रमाण अॅलेंड्रोनेट या बिस्फॉस्फोनेटवर ६.१ टक्के, टेरीपॅराटाइडवर ०.६ टक्के. रोज इंजेक्शन घ्यावं लागतं आणि खर्च बराच आहे, प्रत्येकाला चालतंच असं नाही. पण विचारून बघा.

...

उंबरठा

डॉक्टर, मनापासून आभार. नवीन संधिवाततज्ज्ञांनी तेच सुरू केलंय. प्रेडनिसोलोन १० वरून ७.५ आणि आता ५ वर आणलंय, सोबत आमवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा. गोळी सकाळी आठला, नाश्त्याबरोबर. मणक्यांचा टी-स्कोअर, म्हणजे हाडांच्या घनतेचा आकडा, उणे ३.१ होता. इंजेक्शनची पेन फ्रिजच्या दारात ठेवलीय, आईला सुरुवातीला भीती वाटायची, आता ती स्वतःच मांडीत टोचते आणि दिनदर्शिकेवर त्या तारखेवर फुली मारते. काल बघितलं, सलग ६४ फुल्या झाल्यात.

हाडांच्या घनतेचा पुढचा स्कॅन वर्ष भरल्यावर. आकडे आले की याच धाग्यावर टाकते.